नळी बसली, खडा आतच

[दृश्य : कोल्हापूर, सकाळची ओपीडी. बाकावर गुडघ्यावर फाइल धरून बसलेली बाई.]

या मावशी कागल तालुक्यातल्या. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. ऐन पावसाळ्यात त्यांच्या पोटात वरच्या बाजूला उजवीकडं कळ आली, हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. गावात कुणीतरी काविळीचा पाला सुचवला, तोही पिऊन झाला. पण लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा फिकट आणि अंगाला खाज, हे सगळं एकत्र आलं की पित्ताची वाट अडल्याची शंका घ्यायची असते. ती वाट पाल्यानं मोकळी होत नाही.

कोल्हापुरात त्यांची ईआरसीपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण आतड्यात घालून तिथून पित्तनलिकेत शिरायची प्रक्रिया. पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. कावीळ उतरली. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं. मावशी आल्या त्या ऊस तुटून कारखान्याला गेल्यावर, आणि तेही पुन्हा थंडी वाजून आली म्हणून.

"जेवत होतो, रानात जात होतो. दुखणं न्हाई, काय न्हाई. मग कशाला येऊ म्हटलं?"

त्यांचं चुकलं, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'खडा शिल्लक' हे इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि घरी निघायच्या गडबडीत ते कुणी नीट समजावलं नसावं.

[दृश्य : यकृत, पित्ताशय आणि पित्तनलिकेचं रेखाचित्र.]

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतं. नलिकेची रुंदी एरवी सहा-सात मिलिमीटर. पित्ताशयातला खडा घसरून तिच्यात अडकला की मागं पित्त तुंबतं आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात.

पूर्वी यावर पोट उघडण्याशिवाय फारसा इलाज नव्हता. 1968 साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीतून या नलिकेच्या तोंडात बारीक नळी घातली. 1974 मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमाराला जपानमध्ये कावाई यांनी, विजेच्या तारेनं ते तोंड आतूनच कापून मोठं केलं. कोल्हापुरात आज होते ती ईआरसीपी याच वाटेनं आलेली.

[दृश्य : एक्स-रेचा पडदा. पांढऱ्या नलिकेत काळसर गोल ठिपके.]

मग खडा राहतो कसा? या पडद्याकडं बघा. नलिकेत औषध सोडलं की ती पांढरी दिसते, खडे काळे दिसतात. पण हवेचे बुडबुडेही काळेच दिसतात. औषध दाट झालं तर बारीक खडा त्याच्यात बुडून दिसेनासा होतो. नलिका फुगून अंगठ्याएवढी झाली असेल तर खडे ओढायला आत फुगवलेला छोटा बलून खाली ओढताना खडा त्याच्या कडेनं निसटून वर जातो. तपकिरी रंगाचे खडे तर ओल्या गुळासारखे. बास्केटमध्ये, म्हणजे तारांच्या बारीक जाळीत, धरले की त्यांचा भुगा होतो आणि कण आत सांडतात. म्हणून मुरलेला डॉक्टर शेवटी नलिका सलाइननं धुतो आणि बलूननं तोंड बंद करून पुन्हा एकदा फोटो घेतो. पाच-दहा मिनिटं जादा जातात, पण ती वाचवू नयेत.

मावशींच्या बाबतीत खडा नजरेतून सुटला नव्हता. तो मोठाच होता. पंधरा मिलिमीटरच्या पुढचा खडा कापलेल्या तोंडातूनही सहसा सहज येत नाही. त्यातून पेशंटला ताप, रक्तदाब खाली. अशा वेळी खड्याशी झटापट न करता स्टेंट टाकून पित्त वाहतं करायचं आणि बाहेर यायचं, हाच शहाणपणा. जंतुसंसर्ग शमतो. शिवाय स्टेंट आत असताना खडा घासून थोडा लहान होतो, कधी फुटतोही. दुसरी खेप सोपी जाते.

पण प्लास्टिकच्या नळीचं भोक जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचं. त्यात गाळ साचतो, जंतू थर धरतात. साधारण तीन महिन्यांच्या आत ती काढावी किंवा बदलावी लागते. विसरलेली नळी बुजते आणि पुन्हा तोच थंडी-ताप. स्वतः नळीभोवतीच नवा खडा धरल्याचेही पेशंट असतात.

[दृश्य : प्रक्रियेची खोली. ट्रेमध्ये आतड्यातून ओढून काढलेली स्टेंट, टोकाला काळपट गाळ.]

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आधी ही नळी काढली. मग कापलेलं तोंड मोठ्या बलूननं ताणलं. खडा तरीही येईना, तेव्हा धातूच्या मजबूत बास्केटमध्ये पकडून आतच चिरडला. तुकडे एकेक करून आतड्यात ओढले. तिथून ते शौचावाटे जातात, बाहेर काढायची गरज नसते.

यानंही न फुटणाऱ्या खड्यासाठी पित्तनलिकेत शिरणारी बारीक दुर्बीण असते. खडा डोळ्यांसमोर ठेवून लेसरनं किंवा विजेच्या ठिणगीनं फोडतात. ही सोय सगळीकडं नसते, खर्चही मोठा, प्रसंगी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. लॅप्रोस्कोपीनं नलिका उघडून खडा काढणं हा आणखी एक मार्ग, आणि अनुभवी सर्जन असेल तर चांगला मार्ग. खडे विरघळवणाऱ्या गोळ्यांची चौकशी मात्र मेडिकलच्या काउंटरवर करत बसू नये. नलिकेतल्या मोठ्या खड्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

ईआरसीपीला धोकाही आहे. स्वादुपिंडाला सूज, कापल्या जागी रक्तस्राव, क्वचित आतड्याला छिद्र. त्या रात्री मावशींना उपाशी ठेवून रक्त तपासलं गेलं ते त्यासाठीच.

नलिका मोकळी झाली, तरी खडे बनवणारं पित्ताशय आतच आहे. पेशंटची तब्येत साथ देत असेल तर ते शक्यतो दोन आठवड्यांच्या आत काढतात; लांबवलं की पुन्हा खडा उतरायची भीती. आणि पित्ताशय आधीच काढलेलं असलं तरी फुगलेल्या नलिकेत नवे खडे धरू शकतात. अशा पेशंटला थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे एकत्र दिसले, तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी त्याच दिवशी लागते. अडलेल्या नलिकेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरायला एक रात्र पुरते.