दिवाळीचं लोणी आणि आठ नंबरची ट्राम

नमस्कार श्रोतेहो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आम्ही राहत होतो, तेव्हा महिन्याचा किराणा जर्मनीतून आणायचो. आठ नंबरची हिरवी ट्राम डिसेंबर 2014 पासून थेट सीमेपलीकडे वाइल आम राइन या गावी जाते. शनिवारी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्या त्याच्या हातात चाकांची पिशवी, कारण तिकडे किराणा पुष्कळ स्वस्त.

हिशेब सोपा आहे. जर्मनीत खाण्याच्या बहुतेक जिनसांवर 7 टक्के कर असतो. बिल 50 युरोंच्या वर गेलं, तर दुकानातून हिरवी चिठ्ठी घ्यायची, जर्मन कस्टमचा शिक्का मारून घ्यायचा, की कर परत. परतताना मात्र स्विस कस्टमची मर्यादा. 2025 पासून माणशी 150 फ्रँकांचा माल करमुक्त, आधी 300चा होता. आणि लोणी माणशी, दिवसाला एकच किलो. हे लोण्याचं लक्षात ठेवा. माणशी एक किलो.

दिवाळीला आई सांगलीहून आली होती. लाडवांना तूप हवं. तूप घरीच कढवावं या मताची मी आहे, डब्यातल्या तुपाला तो रवाळपणा येत नाही, आणि बेरी तर मिळतच नाही! आम्ही दोघी वाइलला गेलो. बिनमिठाच्या लोण्याच्या पाव-पाव किलोच्या वड्या बघून आईने बारा उचलल्या. मी म्हटलं, "आई, तीन किलो होतंय." ती म्हणाली, "कढवल्यावर उरतंय कितीसं?"

परतीच्या ट्राममध्ये स्विस कस्टमचा माणूस चढला. मांस, दारू, लोणी काही आहे का, त्याने विचारलं. मी तीन किलो सांगितलं. त्याने आमच्याकडे बोट करून मोजलं, एक, दोन. तिसऱ्या किलोवर जकात 16 फ्रँक. आईने मनात रुपये केले आणि माझा दंडच धरला. "अगं, एवढ्यात इकडचंच लोणी आलं असतं!" खरंच आलं असतं. पैसे भरले, पावती घेतली. आईने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

भाजी मात्र मी कधी पलीकडून आणली नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून रोजची रोज घ्यावी. असं दुकान बंद पडलं की म्हाताऱ्या माणसांचं दोन शब्द बोलण्याचं ठिकाण जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, रात्री तूप कढलं. वास जिन्याभर गेला. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, त्यांना आईने साखर घालून बेरी दिली.

पुढच्या शनिवारी आई सकाळी सातलाच तयार. जावयाला उठवलं, तीन वर्षांच्या नातीला स्वेटर चढवला आणि मला म्हणाली, "चल, आज आपण चौघं आहोत. चार किलो."