निपाणीचा रस्ता, उसाचा काटा

(दृश्य: हिवाळ्यातली पहाट. दूधगंगेच्या पुलावरून संथपणे येणारे उसाचे ट्रॅक्टर.)

कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा टोलनाका येतो. इथून कर्नाटक सुरू. नदी तीच, रान तेच, बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या माणसाची बोलीही तीच. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, दुकानावर काय लिहायचं, जमीन कुणाला विकायची, हे ठरवणारं सरकार मात्र इथं बदलतं.

सीमाभागात आम्ही एक प्रश्न ऐकतच मोठे झालो. आम्ही कुठल्या राज्यात? 1956 ची राज्य पुनर्रचना, सीमावादावर नेमलेला महाजन आयोग, 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा. त्या प्रश्नापायी माणसांनी जीव दिलाय, त्याचं मोल कमी करायचं नाही. पण याच मातीतून आणखी एक प्रश्न उठला होता आणि त्याची आठवण आता फारसं कुणी काढत नाही. सरकार बेंगळुरूचं असो, मुंबईचं असो की दिल्लीचं, त्याचा हात माणसाच्या शेतात आणि घरात किती आतपर्यंत यावा?

(दृश्य: निपाणी. जुन्या वखारींची कौलं, पत्र्याचे दरवाजे.)

निपाणी म्हणजे तंबाखू. विडीची तंबाखू. वखारीत पाऊल टाकलं की आजही नाकात तिखट वास जातो. वर्षभर रानात राबायचं, माल वखारीत आणून टाकायचा आणि समोरचा सांगेल तो भाव मान खाली घालून ऐकायचा, अशी इथल्या शेतकऱ्याची पद्धत होती.

मार्च 1981 मध्ये हा शेतकरी पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर येऊन बसला. बायका आल्या, पोरं आली, बैलगाड्या आल्या. रस्त्यावर चुली मांडल्या गेल्या. मुक्काम वाढत गेला तसं त्या वस्तीला नावच पडलं, आंदोलननगर. तीन आठवड्यांहून जास्त काळ ती माणसं तिथं होती. 6 एप्रिल 1981 ला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मारले गेले. तेव्हा कर्नाटकात गुंडू राव मुख्यमंत्री होते.

या माणसांना एकत्र आणणारे शरद जोशी साताऱ्यात जन्मले होते. टपाल खात्यात अधिकारी, पुढं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून हिशेब मांडला. हिशेब तोट्यात निघाला. शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून शेती तोट्यात जाते, ही शहरातली समजूत त्यांनी त्या हिशेबावरून मोडून काढली. 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’.

ही घोषणा नीट ऐकायला हवी. तिच्यात अनुदान मागितलेलं नाही, कर्जमाफीही नाही. जोशींचं म्हणणं असं, की सरकार निर्यात अडवतं, लेव्ही लावतं म्हणजे ठरवलेल्या कमी भावात माल सक्तीनं घेतं, भाव चढला की बाहेरून माल आणतं आणि शेतमालाचा भाव मुद्दाम पाडतं. सरकारनं शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या छातीवरून उठावं. पुढं भारतानं जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या आकड्यांतच शेतीमालाचा पाठिंबा शून्याच्या खाली निघाला. शेतकरी संघटनेच्या भाषेत ती ‘उणे सबसिडी’. देशभर डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याला, विरोध होत असताना खुल्या व्यापाराच्या बाजूनं उभा राहिलेला हा शेतकरी नेता होता. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) 1959 मध्ये काढलेल्या स्वतंत्र पक्षाशी त्याचं विचाराचं नातं उघड आहे. परमिट-लायसन्सच्या राज्याला आव्हान देणारी ती परंपरा होती.

एक गोष्ट मला इथं टोचते, ती सांगतो. रस्ता अडवला म्हणजे दुसऱ्याची वाट अडवली. प्रत्येकाचं स्वातंत्र्य मानणाऱ्या विचारात हे कसं बसवायचं? मला ते पूर्ण बसवता आलेलं नाही. पण ज्याला आपला माल दुसरीकडं नेण्याची वाटच ठेवलेली नव्हती, त्यानं वाट अडवली, हे मी विसरू शकत नाही.

(दृश्य: ऊसतोड. कोयत्याचा आवाज. वाढ्याच्या पेंढ्या.)

आता ऊस. चिक्कोडी, निपाणी, अथणी, रायबाग या पट्ट्यात तंबाखूपेक्षा आज उसाचीच चर्चा जास्त.

ऊस तोडल्यावर थांबत नाही. तोड लांबली, तुरा म्हणजे फुलोरा आला, की वजन घटतं. वजन घटलं की पैसे घटतात. आपल्या फडाला तुरा कधी येणार, कुठल्या रानात ओल आहे आणि गाडी रुतेल, कुठली टोळी या आठवड्यात मोकळी आहे, हे शेतकऱ्याला माहीत असतं. 1945 मध्ये फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञानं हेच मांडलं. बाजाराला लागणारं ज्ञान लाखो माणसांत विखुरलेलं असतं, कुठल्याही एका कचेरीत ते गोळा करता येत नाही. भाव हा त्या सगळ्यांनी एकमेकांना दिलेला निरोप असतो. हायेकनं आमचा फड पाहिला नव्हता, पण तुरा आलेल्या उसासमोर उभं राहिलं की त्याचं म्हणणं लगेच पटतं.

आणि नियम काय सांगतो? केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर हवं. महाराष्ट्रानं ते 25 केलं. म्हणजे नवा कारखाना जवळ येऊन जास्त भाव देऊ शकत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ऊस परराज्यात न्यायलाच बंदी घातली. त्यावर्षी उसाची टंचाई होती आणि शिरोळ-कागलचा ऊस आमच्या बाजूच्या कारखान्यांना येईल ही भीती. टंचाई असली की भाव वाढायचा, तो वाढण्याआधीच नाक्यावर गेट लावायचं. शेतकरी भडकला आणि काही दिवसांत बंदी मागं घ्यावी लागली.

मग लोक विचारतात, एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, तरी हवी ना? 2009 पासून रास्त आणि किफायतशीर दर केंद्र ठरवतं आणि ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. माझ्या वडिलांनी त्या 14 दिवसांचे महिने झालेले पाहिलेत. दिवाळी गेली, पेरणी आली, बँकेच्या पासबुकावर नोंद नाही. खरेदीदार एकच उरेल अशी व्यवस्था सरकारनं करायची आणि मग शेतकऱ्याच्या रक्षणासाठी भावही सरकारनंच ठरवायचा, हे पाय बांधून कुबडी देण्यासारखं आहे. कुबडी आज काढून घ्या असं मी म्हणणार नाही, माणूस पडेल. आधी दोरी सोडा. 2012 मध्ये साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीनंही कारखान्यांचं राखीव क्षेत्र आणि अंतराची अट काढायला सांगितली होती, आणि साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा असं सुचवलं होतं.

(दृश्य: बेळगाव, खडेबाजार. पाट्या रंगवणाऱ्याचा हात.)

बेळगावात येऊ. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात, हा कायदा 2024 मध्ये झाला. ज्याच्या आजोबानं मराठीत पाटी लावली त्यानं ती उतरवून नव्यानं रंगवली. रंगाऱ्यानं पट्टी धरून अक्षरं मोजली. गिऱ्हाईक कुठल्या भाषेत वाचतं हे दुकानदाराला कळतं, त्यासाठी इन्स्पेक्टर लागत नाही. आम्हाला हे लागतं, मनाला लागतं. पण मुंबईत दुकानांवर मराठी पाटीची सक्ती झाली तेव्हा आमच्यातल्याच कित्येकांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या गुजराती किंवा तमिळ दुकानदाराची पाटीही त्याचीच आहे, असं बेळगावच्या माणसानं म्हणायला हवं. सक्तीचा वळ कसा उठतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

शाळेच्या माध्यमाबाबत हे कोर्टानंही मान्य केलंय. कर्नाटक सरकारचा प्राथमिक शिक्षणात मातृभाषेच्या सक्तीचा आदेश 1994 चा. 6 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं निकाल दिला, की माध्यम निवडायचा हक्क मुलाचा, त्याच्या वतीनं पालकांचा. सरकार ते लादू शकत नाही. कुणी इंग्रजी निवडेल, कुणी मराठी. निवडणारा घरातला असेल.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. त्याचा अर्थ बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपाससाठी घेतलेल्या भातखाचरांत उभं राहून कळतो. तिथल्या शेतकऱ्यांनी बांध राखण्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायलाही 2020 पर्यंत मनाई होती. विकायची मुभा नाही, सरकारनं घेतली तर राखायची ताकद नाही, मग सातबारा-उताऱ्यावरच्या नावाला अर्थ किती?

(दृश्य: रात्र. कारखान्याबाहेर ट्रॉल्यांची रांग. काट्याची खोली.)

सरकार नकोच, असं हा स्वातंत्र्याचा विचार म्हणत नाही. सरकारनं कुठं असावं, ते इथं दिसतं, या काट्यावर.

ट्रॉली काट्यावर चढते. लाल आकडे थरथरतात, थांबतात. शेतकरी ट्रॉलीपाशी उभा, आकडा खिडकीच्या आत. दुपारी त्यानं गावच्या खासगी काट्यावर वजन करून घेतलंय, ती चिठ्ठी वरच्या खिशात घडी घालून ठेवलीय. आतून पावती येते. तो टॉर्च लावून दोन्ही कागद शेजारी धरतो.

काटा खरा असावा, पावतीवरचा शब्द पाळला जावा, न पाळणाऱ्याला कोर्टात जाब द्यावा लागावा. एवढ्यासाठी आम्हाला सरकार हवं आहे. वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा माणूस या रांगेत आम्हाला फार क्वचित दिसतो.

तो कागद पुन्हा खिशात घालतो. ट्रॅक्टर सुरू होतो. मागं अजून चाळीसेक ट्रॉल्या आहेत.