कॅमेरा घेण्याआधी आपले फसलेले फोटो बघा

नमस्कार. ‘पहिला कॅमेरा कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी म्हणते, तुमचे फसलेले फोटो दाखवा. माणसं जरा अवघडतात, कारण जमलेले फोटो जपून ठेवलेले असतात आणि फसलेले पुसून टाकलेले. पण उत्तर त्या फसलेल्यांतच असतं. संध्याकाळी घरात काढलेला फोटो दाणेदार आला? धावणारं मूल हललेलं आलं? फांदीवरचा पक्षी टिंबाएवढा दिसला? या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि सगळ्यांवर एकच औषध चालत नाही.

मला हे वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यावरचे दोन मोठे आकडे, मेगापिक्सेल आणि झूम, एवढंच बघून मी पहिला कॅमेरा घेतला. उन्हात तो छान चालायचा. मग भाची रांगायला लागली. तिचे ते सगळे दिवस घरात, खिडकीच्या उजेडात गेले. त्या वर्षभरातले तिचे फोटो माझ्याकडे आहेत, पण एकातही तिचे डोळे स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून मी या विषयावर इतकं कळकळीनं बोलते.

मेगापिक्सेलचं आधी उरकून घेऊ. एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपके या दर्जानं छापायला ९ मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. फोर-के पडदा भरायला ८ पेक्षा थोडे जास्त. लेन्स बदलता येणाऱ्या आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २० किंवा त्याहून जास्त असतात. आणि १२ चे २४ झाले म्हणून फोटो दुप्पट रुंद होत नाही, रुंदी सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. तेव्हा या आकड्यासाठी जीव टाकू नका.

विचारायचं ते सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा, केवढा आहे हे. खिशात मावणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर साधारण २३ बाय १५, तर फुल फ्रेम नावाच्या मोठ्या मापाचा ३६ बाय २४. पहिल्याच्या तुलनेत एपीएस-सीचं क्षेत्रफळ बारापट भरतं. मोठ्या सेन्सरवर कमी उजेडात दाणे कमी दिसतात ते यामुळे. शिकणाऱ्याला एपीएस-सी पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फुल फ्रेमच्या लेन्स सहसा जड आणि महाग असतात, आणि जड कॅमेरा हळूहळू कपाटातच राहायला लागतो.

आता लेन्स. इथे मी जरा रेंगाळणार आहे. माझ्या हातात दोन लेन्स आहेत. ही कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, आणि ही ५० मिलिमीटरची, एफ १.८ वाली. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या या मिलिमीटरना, आतल्या छिद्राच्या व्यासानं भागून येणारी संख्या. ५० ला १.८ नं भागा: छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटरचं. किट लेन्स ५० वर नेली की ती साधारण एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे छिद्र ९ मिलिमीटरचं. उजेडातला फरक जवळजवळ दहापट. ज्या खोलीत किट लेन्सवर शटर (उजेड आत सोडणारा पडदा) १/२० सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे हिला १/२०० पुरतो. १/२० मध्ये रांगणाऱ्या मुलाचा हात पुसट होतो, १/२०० मध्ये सहसा होत नाही. माझ्या भाचीचे डोळे या फरकात हरवले.

आणि थरथर थांबवणाऱ्या यंत्रणेवर भिस्त ठेवू नका. ती तुमच्या हाताची थरथर सावरते, समोरच्या मुलाला थांबवू शकत नाही. मोठ्या छिद्राची किंमतही असते बरं का: जवळून पोर्ट्रेट काढलं तर डोळे स्पष्ट येतात आणि कान धूसर होतात. शिवाय एपीएस-सीवर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. लहान खोलीत तुम्ही मागे सरकत भिंतीला टेकाल. घरातल्या माणसांसाठी ३५ ची, एफ १.८ वाली लेन्स मला जास्त उपयोगी वाटते.

पक्ष्यांचं गणित निराळं. लांबचा पक्षी मोठा दिसायला ३०० मिलिमीटर आणि त्यापुढची फोकल लेंग्थ लागते. भर उन्हातच काढणार असाल तर लहान सेन्सरचा, मोठ्या झूमचा कॅमेराही सुरुवातीला वाईट नाही.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निवडताना तुम्ही खरं तर माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, निवडत असता. बॉडी बदलते, लेन्स वर्षानुवर्षं राहतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवे माउंट आणले, पण अ‍ॅडॅप्टर लावून जुन्या लेन्स त्यांवर बसतात. नवा घेणार असाल तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, असलेला मिररलेस घ्या. बटण दाबण्याआधीच फोटो काळवंडणार की उजळणार हे त्यात दिसतं, आणि शिकणाऱ्याला त्याचा फार आधार होतो. पैसे बेताचे असतील तर वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला कॅमेरा, घ्या आणि वाचलेले पैसे लेन्सला लावा. त्याची बॅटरीही सहसा जास्त वेळ टिकते.

वापरलेला घेताना शटर किती वेळा पडलं आहे ते विचारा. एफ १६ वर, म्हणजे छिद्र लहान करून, कोऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची धूळ काळपट ठिपक्यांसारखी दिसते. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी असते, तशी लेन्स घेऊ नका.

एक गोष्ट मात्र बोलून कळणार नाही. हे दोन कॅमेरे मी आता तुमच्यात फिरवते आहे. एकाला आकडे बदलायच्या दोन चकत्या आहेत, एकाला एकच. डोळ्याला लावा आणि खाली न बघता आधी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, बदला, मग छिद्राचा आकार, म्हणजे अ‍ॅपर्चर. कुठे अडखळताय ते बघा, मग आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.