आधी कल्हई, मग कॅमेरा

(काळा पडदा. फक्त आवाज: भात्याचे लांब श्वास आणि दूर कुठेतरी तांब्यावर पडणारे हातोडे.)

हा आवाज साडेआठशे रुपयांचा आहे. म्हणजे भाता कल्हईवाल्या चाचांचा, हातोडे शेजारच्या तांबट आळीचे. साडेआठशेचा होता तो आमचा माइक. पंधरा हजारांच्या बजेटमधला तो आमचा पहिला शहाणपणाचा खर्च, म्हणून चित्राआधी तोच ऐकवला.

त्याच्या आधीचे दोन आठवडे मात्र सांगायला थोडी लाज वाटते.

(दृश्य: वहीचं पान. कॅमेऱ्यांची नावं, सगळ्यांवर फुल्या.)

आम्ही तिघं. प्रत्येकी पाच हजार वर्गणी. पुण्यात कसबा पेठेत अजून कल्हई करणारे एक चाचा बसतात, त्यांच्यावर सात मिनिटांची फिल्म करायची एवढंच ठरलं होतं. मग रोज रात्री चहाच्या टपरीवर कॅमेऱ्यांवरून भांडण. सेन्सर केवढा, फोर-के आहे का, अंधारात कसा चालतो. वहीतला सगळ्यात स्वस्त कॅमेरा चाळीस हजारांचा होता. खिशात पंधरा आणि वाद चाळीसचे! आणि या दोन आठवड्यांत चाचांना जाऊन भेटायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी रिकाम्या हाताने गेलो.

(दृश्य: वाड्याचं अंगण. भट्टीत कोळसा लाल होतोय.)

भांडं विस्तवावर तापतं. चाचा चिमूटभर नवसागर टाकतात, कापसाच्या बोळ्याने चोळतात, पांढरा धूर वर जातो आणि नाकात झोंबतो. मग कथलाची कांडी तापलेल्या तळाला नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे विस्तवाच्या मानाने फारच लवकर. चांदीसारखा एक थेंब सुटतो, बोळा त्याला गोल फिरवत नेतो आणि काळवंडलेल्या पातेल्याचा आरसा होतो. कांडी टेकवल्यापासून आरसा होईपर्यंत मी घड्याळात मोजलं. अकरा सेकंद.

त्या अकरा सेकंदांत वहीतली यादी बाद झाली. इथे धूर होता, विस्तव होता, डोळे दिपवणारी चकाकी होती, शेजारी हातोडे होते आणि हात सतत हलणारा एक माणूस होता. काय विकत घ्यायचं हे आता हा माणूस आणि त्याची भट्टी सांगणार होती.

पहिला प्रश्न आवाजाचा. फोन पाच फुटांवर ठेवून चाचांना बोलतं केलं, तर रेकॉर्डिंगमध्ये चाचा कमी आणि तांबट आळी जास्त. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की बोलण्याची तीव्रता चौथाईवर येते. हातोडे मात्र आधीपासूनच लांब असतात, त्यांना काही फरक पडत नाही. आणि कॅमेरा लाखाचा घेतला तरी त्याचा माइक कॅमेऱ्यावरच बसलेला असतो, पाच फूट लांब.

(दृश्य: हातात कॉलर माइकची पिन, अगदी जवळून.)

म्हणून हा कॉलरला लावायचा माइक. घेताना पिन नीट बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनला चालते, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दुकानदार दोन्ही चालतील म्हणतो. एक रेकॉर्डिंग दुकानातच करा, ऐका, मगच पैसे द्या. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागतो, आणि स्वस्तातल्या स्वस्त अडॅप्टरवर माइक चालेलच असं नाही. आम्ही घरात पडलेला फुटक्या काचेचा जुना फोन काढला. त्याला जॅक होता, तोच आमचा रेकॉर्डर झाला. माइकची वायर सहा मीटरची. ती विस्तवाजवळ कुठे नेणार? रबरबँडने गुंडाळली आणि फोनसकट चाचांच्या खिशात ठेवली. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर ऐन कल्हईत कुणाची तरी मावशी फोन करते.

तरीही सदऱ्याची खसखस येत होती. मेडिकलमधून मायक्रोपोर पट्टी आणली आणि माइक बनियनला आतून चिकटवला. खसखस गेली.

हातोड्यांना मात्र उपाय नव्हता. सॉफ्टवेअरने काढून पाहिले. हातोडे गेले, पण चाचा विहिरीतून बोलल्यासारखे वाटायला लागले. मग मुलाखत दुपारी जेवणाच्या वेळेला घेतली, आळी शांत असताना. आणि हातोडे वेगळे, पाच मिनिटं, नुसतेच रेकॉर्ड केले. सुरुवातीला ऐकलेत ते हेच. संकलनात ते हवे तिथे, हवे तेवढेच घालता आले.

(दृश्य: फोनवरचा पहिला शॉट. चाचांच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकतायत.)

आता चित्र. कॅमेरा म्हणून मित्राचा तीन वर्षं जुना फोन. पहिल्याच दिवशी हे पट्टे आले. फोन बिघडला असं वाटून आम्ही दोन तास वाया घालवले. दोष होता डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा, खरं तर आमच्या अज्ञानाचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन आपल्या मर्जीने सेकंदाला ३० फ्रेम घेत होता आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड द्यायचा ते, मनाला येईल तसं बदलत होता. २५ फ्रेम आणि एकपन्नासांश सेकंदाचं शटर (म्हणजे ट्यूबच्या बरोबर दोन लुकलुकी) पक्कं केलं आणि पट्टे गायब. एक पैसा लागला नाही.

फोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये हे करता येतच असं नाही. ब्लॅकमॅजिक या कॅमेरा कंपनीचं फुकट कॅमेरा ॲप २०२३ मध्ये आयफोनवर आलं, २०२४ मध्ये अँड्रॉइडवर. पण ते प्रत्येक अँड्रॉइड फोनवर चालत नाही. आमच्यावर चाललं नाही. ओपन कॅमेरा नावाचं दुसरं फुकट ॲप चाललं. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं, पण शटर, फोकस, उजेड, सगळं आपल्या हातात देतं.

आणि ते हातात हवंच. कथील चकाकलं की फोन घाबरतो आणि अख्खं चित्र काळं करतो, चाचांसकट. आम्ही आधी एक कल्हई केलेलं पातेलं भट्टीजवळ धरलं, त्याच्या चकाकीवर एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ ते, बेतून लॉक केलं आणि मगच शॉट सुरू केला. चेहरा थोडा अंधारात राहिला. राहू दे, विस्तवापाशी बसलेला माणूस तसाच दिसतो.

(दृश्य: पातेल्याच्या तळात तीन वाकडीतिकडी डोकी.)

हे आम्ही. कल्हई झालेल्या भांड्यात कॅमेरा, ट्रायपॉड आणि शूटिंग करणारे तिघं स्पष्ट दिसतात. एकाने ओळखीतून पोलरायझर फिल्टर आणला. तो काचेवरची आणि पाण्यावरची चमक मारतो, धातूवरची नाही; हे आम्हाला तो फिरवून फिरवून हात दुखल्यावर कळलं. मग काळे टी-शर्ट घातले आणि कॅमेरा बाजूला सरकवला.

दिव्यांवर खर्च ६४० रुपये. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून दोन एलईडी बल्ब, होल्डर आणि वायर, समोर घरचाच बटर पेपर. खरा उजेड अंगणातून येत होता. नव्या टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल समोर धरला की तो चाचांच्या गालावर वळायचा. हे थर्माकोल धरून उभं राहणं फार कंटाळवाणं काम आहे. आमच्यात त्यावरून भांडण झालं आणि शेवटी पाळ्या लावल्या.

गिम्बल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, घ्यायचा की नाही हा वाद तीन दिवस चालला. माझं मत अजूनही तेच: चाचा दिवसभर एका जागी बसून काम करतात, मग कॅमेऱ्याने त्यांच्याभोवती का नाचायचं? त्यापेक्षा २,२०० चा बऱ्यापैकी जड ट्रायपॉड आणि ३०० चा फोनचा क्लॅम्प. आळीतून पुढे सरकणारा एकच शॉट हवा होता, तो सायकलच्या हँडलला फोन बांधून घेतला. यात आमचा शोध काही नाही. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रमंडळींनी अशाच सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमे केलेत. आळीतल्या खड्ड्यांनी शॉट हलला, तेव्हा तो पुन्हा सेकंदाला ५० फ्रेमने घेतला आणि २५ वर निम्म्या वेगाने चालवला. हादरे बरेच बुजले.

(दृश्य: संध्याकाळ. भट्टीचा उजेड, मागचं सगळं धूसर.)

हा एवढा भाग भाड्याच्या कॅमेऱ्याचा. ५० मिलिमीटरची लेन्स, एक दिवस, दीड हजार रुपये आणि अनामत. संध्याकाळी उजेड उतरला की फोनच्या चित्रात रवा पडल्यासारखे ठिपके येतात, आणि भट्टी तर संध्याकाळीच सुंदर दिसते. एका संध्याकाळसाठी चाळीस हजार कशाला घालायचे? फक्त भाड्याने आणायच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याचं मॅन्युअल वाचा. आम्ही वाचलं नाही. त्या दिवसातले निम्मे शॉट असे आहेत की फोकस चाचांच्या कानावर आहे.

त्या एका दिवसाने कार्डही भरलं. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा कॅमेऱ्याचा नाहीच, हार्ड डिस्कचा आहे, ४,८०० रुपये. यादीत ती आमच्या कधीच आली नव्हती. कार्डावरून डिस्कवर, डिस्कवरून लॅपटॉपवर, आणि दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, असा नियम केला. एकदा मोडला. त्यात आळीतल्या मांजराचे फार छान शॉट होते.

कोडॅकने १९६५ मध्ये हौशी लोकांसाठी सुपर ८ फिल्म काढली, तिच्या एका काडतुसात ५० फूट फिल्म असायची. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, की संपली. सात मिनिटांच्या फिल्मसाठी आम्ही सव्वापाच तास चित्रण केलं. ते सगळं बसून बघावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही.

(दृश्य: लॅपटॉप. पडद्यावर टाइमलाइन अडकत अडकत पुढे सरकतेय.)

बघायला बसलो आणि लॅपटॉपचा पंखा चाचांच्या भात्यासारखा घुमायला लागला. आम्ही डाव्हिंची रिझॉल्व्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. रंग सुधारायची ही यंत्रणा एकेकाळी लाखो डॉलरची, फक्त मोठ्या स्टुडिओंकडे असायची. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि आज तिची फुकट आवृत्ती हौशी माणसाला पुरून उरते. तिच्यात नॉइज, म्हणजे ते रव्यासारखे ठिपके, काढायची सोय तेवढी नाही. सशुल्क आवृत्तीतला इफेक्ट वापरला तर चित्रावर शिक्का उमटतो. पण फुकट आवृत्तीलाही ग्राफिक्स कार्ड हवं आणि १६ जीबी रॅम तरी हवी. आमच्याकडे आठ.

मित्र म्हणाला, महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत आहे, देऊ का? आधीच्या वर्षी त्याच्याच लॅपटॉपमधला सगळा डेटा अशाच एका प्रतीने गिळला होता. आम्ही केडेनलाइव्ह घेतलं. मुक्त सॉफ्टवेअर, फुकट, जुन्या यंत्रावरही चालतं. प्रॉक्सी सुरू केली की ते प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी प्रत करून देतं. काम तिच्यावर करायचं, शेवटी फिल्म निघते ती मूळ क्लिपमधून. त्यानेच आणखी एक दुखणं पकडलं. मुलाखतीच्या शेवटी शेवटी चाचांचे ओठ आणि शब्द जुळेनासे झाले होते. फोन व्हिडिओतल्या फ्रेम सारख्या अंतराने घेत नाही, थोडं पुढेमागे करतो; खिशातल्या फोनचा आवाज मात्र सरळ चालत असतो. क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घेतल्या, शॉटच्या सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवर जुळवल्या, आणि गाडी रुळावर आली.

मराठीत फिल्म करणाऱ्यांनी सॉफ्टवेअर निवडताना एक परीक्षा घ्यावीच. त्यात शीर्षक टाइप करून बघा. आम्ही 'कल्हई' लिहिलं. एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरने ल चा पाय मोडून ह वेगळा उभा केला. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय शोधेपर्यंत अर्धा दिवस गेला. केडेनलाइव्हमध्ये ल्ह पहिल्याच फटक्यात जुळला. फॉन्ट 'मुक्ता', मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, फुकट.

खर्च झाला ११,३९० रुपये. त्यात १,१०० रुपये कल्हईचेच आहेत. चाचा म्हणाले होते, "भांडी आणा, बेटा. भट्टी काय नुसती फोटोसाठी पेटवायची?" म्हणून तिघांच्या आज्यांची पातेली माळ्यावरून काढली. फिल्ममध्ये दिसतात ती तीच. उरलेल्या ३,६१० मध्ये गिम्बल बसवता येईल का, याची चौकशी आमच्यातला एकजण अजून करतोय.

(दृश्य: भट्टीपुढे लॅपटॉप. चाचा चष्मा वर करून बघतायत.)

पहिला कट चाचांना दाखवला. सात मिनिटं ते काही बोलले नाहीत. अकरा सेकंदांचा तो शॉट आला, तेव्हा हाताने थांबवायची खूण केली.

"ही कल्हई पिवळी का दिसते?"

आम्ही म्हणालो, चाचा, विस्तवाचा उजेड आहे, म्हणून.

त्यांनी शेजारचं पातेलं सांडशीत उचललं आणि पडद्याला लावून धरलं. एकीकडे त्यांचं कथील, एकीकडे आमचं.

"माझी कल्हई पिवळी पडत नाही."

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग, आम्ही फोनवरच सोडला होता. इतकं सगळं लॉक केलं, तेवढं राहून गेलं. ते पातेलं आम्ही त्यांच्याकडून मागून घेतलं, रात्री टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि शॉटचा रंग त्याच्याशी जुळेपर्यंत बसलो.

(दृश्य: तोच शॉट. कांडी टेकते, थेंब सुटतो. कथील पांढरं. भाता, मग हातोडे.)