कड्याआधीचे तुकडे

श्रोतेहो, नमस्कार. मॅक्रोसायकल म्हणजे मोठ्या कड्यासारखा रेणू. त्याच्या पोकळीत दुसरा रेणू किंवा आयन येऊन बसतो. म्हणून कडं यजमान आणि आत येणारा पाहुणा. क्राउन ईथर नावाच्या मॅक्रोसायकलांपैकी १८-क्राउन-६ या कड्यात पोटॅशियमचा आयन इतका नेमका बसतो, की एरवी बेंझीनला दाद न देणारं पोटॅशियम परमँगनेट त्यात विरघळतं आणि बेंझीन जांभळं होतं. कौतुक होतं ते या कड्याचं. प्रयोगशाळेतले दिवस मात्र जातात कड्याचे तुकडे घडवण्यात.

त्यातला एक तुकडा पाहू. ट्रायएथिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, दाटसर द्रव. त्याच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात, पण ते आपली जागा सहजी सोडत नाहीत. म्हणून त्यांच्यावर टोसिल हा सहज सुटणारा गट चढवायचा. त्यासाठी फ्लास्क बर्फात ठेवायचा, अल्कली घालायची आणि टोसिल क्लोराइडचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. इथे घाई नडते. सगळं नीट झालं तर डायटोसिलेटचे, म्हणजे दोन्ही टोकांना टोसिल लागलेल्या रेणूचे, पांढरे स्फटिक हाती येतात. तेही पुन्हा स्फटिकीकरण करून शुद्ध करायचे. कारण एकाच टोकाला टोसिल लागलेला रेणू मागे राहिला, तर त्याचं दुसरं टोक कशालाच जुळत नाही आणि कडं अर्धवट राहतं.

तुकडे शुद्ध असले तरी ते जोडून झालेल्या साखळीची टोकं शेजारणीला न भेटता एकमेकांनाच भेटायला हवीत. त्यासाठी द्रावण भरपूर पातळ ठेवतात. रसायनशास्त्रज्ञ रुगली यांनी ही युक्ती १९१२ मध्येच मांडली होती. क्राउन ईथरमध्ये पोटॅशियम आयन मदतीला येतो: साखळी त्याच्याभोवती वळते आणि टोकं जवळ येतात.

गंमत अशी, की शुद्धतेचा एवढा आग्रह धरणारी ही शाखा बहरली ती अशुद्धीतून. ड्युपाँ कंपनीतले चार्ल्स पेडरसन वेगळाच रेणू बनवत होते. कच्च्या मालात थोडा कॅटेकॉल उरला होता, त्यातून पहिलं क्राउन ईथर निघालं, तेही जेमतेम ०.४ टक्के! ते त्यांनी फेकून दिलं नाही. १९६७ मध्ये शोधनिबंध आला, १९८७ मध्ये क्रॅम आणि लेन यांच्यासह नोबेल.

क्युकरबिट्युरिल या दुसऱ्या मॅक्रोसायकलचं दुखणं उलटं. त्याचा तुकडा ग्लायकोल्युरिल, तो युरिया आणि ग्लायॉक्झलपासून सहज बनतो. फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र आम्लात तो स्वतःच कडी जुळवतो. पण पाच, सहा, सात, आठ एककांची कडी एकाच भांड्यात मिसळून येतात, आणि खरे कष्ट सुरू होतात ती वेगळी करताना.