अर्धा भरलेला प्याला

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून. काचेचे इवलेसे प्याले ट्रेमधून फिरतात. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि औषधांमुळे त्याचे हात थरथरतात. एका रविवारी द्राक्षरस त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "सकाळीच पिऊन आलाय." त्यानं ते ऐकलं. पुढचे आठ महिने तो देवळात आला नाही.

तो परत आला एका आजींमुळे. प्याले भरायचं काम त्यांच्याकडे असतं. काय घडलं ते मी त्यांना सांगितलं, त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पुढच्या प्रभुभोजनापासून ट्रेच्या एका कडेला दोन प्याले अर्धेच भरलेले दिसू लागले. दुसरा कुणासाठी, असं मी विचारलं. "आणखी कोणी असेल गं," त्या म्हणाल्या, "लाजून सांगत नसेल."

अपंग आणि मनोरुग्ण माणसांना मंडळीत सामावून घ्यायचं म्हणजे काय, हे मला त्या ट्रेनं शिकवलं. आधी बरा हो, नीट बस, हात स्थिर कर आणि मग ये, असं न म्हणता ताटच त्याच्या हाताच्या बेतानं लावायचं.

आपल्या देवळांना पायऱ्या असतात. आमच्याकडे तीन आहेत. एक निवृत्त शिक्षिका कुर्ल्याहून लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून येतात, मेगाब्लॉक असेल त्या रविवारी तासभर आधी निघतात. पोलिओमुळे त्या व्हीलचेअर वापरतात. इतक्या लांबून आल्यावर दारात चार तरुण त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेत. आम्हाला मार्कच्या शुभवर्तमानातले, पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून येशूकडे नेणारे ते चौघे आठवत आणि मनातून बरं वाटे. एकदा बाई मला म्हणाल्या, "पोरं मायेनं उचलतात. पण मी तोल सांभाळू की साडी?"

त्या रात्री मी मार्कचा दुसरा अध्याय पुन्हा वाचला. कफर्णहूमच्या त्या चौघांनी मित्राला नुसतं उचललं नाही, गर्दीतून वाट मिळेना तेव्हा त्यांनी घराचं छप्पर उघडलं. छप्पर कोण भरून देणार, असा प्रश्न त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. आमच्या कमिटीत मात्र रॅम्पवर दोन बैठका झाल्या. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे आमच्या दीड फुटाला अठरा फूट. तेवढी जागा स्कूटर लावायच्या कोपऱ्यातूनच निघणार होती, आणि खरा वाद तिथे होता. शेवटी स्कूटर रस्त्यावर गेल्या.

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांना हे काम नवं नाही. दुष्काळानंतर, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी या शहरात अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. दादरची ती शाळा आजही चालू आहे. शाळा काढल्या, इस्पितळं काढली, ते मोठंच काम झालं. पण त्यामुळे अंध माणूस म्हणजे शाळेत भेटायचा, नाताळला खाऊ न्यायचा, अशी सवयही आपल्याला लागली. तो आपल्या शेजारी बाकावर बसून गीत म्हणेल, हे राहूनच गेलं.

मनाच्या आजाराबद्दल मला अधिक बोलायचं आहे, कारण इथे आपण नुसतं दुर्लक्ष करत नाही, इजा करतो. भावाच्या आजाराच्या सुरुवातीला आम्ही त्याला एका प्रार्थनासभेला नेलं होतं. "दुरात्मा आहे, गोळ्या बंद करा, उपास धरा," असं सांगण्यात आलं. आम्ही ऐकलं. एकविसाव्या दिवशी त्याला इस्पितळात भरती करावं लागलं. पाळकहो, प्रार्थना जरूर करा, डोक्यावर हात ठेवा. पण गोळ्या थांबवायला कुणाला सांगू नका. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल "प्रिय वैद्य" म्हणतो, म्हणजे औषध विश्वासाच्या आड येत नाही. तामिळनाडूतल्या एरवाडीत, श्रद्धेच्या आसऱ्याला आणलेली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला स्पष्ट बंदी केली आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक देवळाच्या फलकावर, उपासनेच्या वेळांच्या खालीच लिहून ठेवा.

आणि निराश माणसाला विश्वास कमी पडला म्हणू नका. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. ज्या घरात असा आजार आहे तिथे आधी डबा घेऊन जा. आईला दोन तास झोपू द्या, तुम्ही बसा मुलाजवळ. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल उपासनेत ओरडलं तर मागे वळून बघू नका, स्पीकरचा आवाज थोडा कमी करा.

यापुढची पायरी म्हणजे काम देणं. माझ्या भावाला गोळ्यांमुळे सकाळी लवकर जाग येत नाही, म्हणून त्याच्याकडे संध्याकाळच्या उपासनेची गीतपुस्तकं आहेत. दारात उभा राहून वाटतो, नंतर मोजून कपाटात ठेवतो. एक कमी असलं तर घरी येऊन मला सांगतो.

आणि त्या बाई. रॅम्प झाल्यावर शास्त्रवाचनाच्या यादीत त्यांनी स्वतःच आपलं नाव घातलं. तेव्हा लक्षात आलं, व्यासपीठालाही दोन पायऱ्या आहेत. तिथे रॅम्पला जागा नव्हती, म्हणून माइक खाली आणला, पहिल्या बाकाजवळ. त्यांनी वाचलं. पुढच्या रविवारी एक गृहस्थ माइक पुन्हा वर न्यायला लागले, तर आजी म्हणाल्या, "राहू दे की खालीच." तेव्हापासून आमच्याकडे सगळेच खालून वाचतात.