'ट्रेनिंगच होतं ना' असं म्हणू नका

मंडळी, 24 मार्च 2015 ची रात्र. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून डॉर्निअर हे टेहळणी विमान उडालं, नेहमीचं सरावाचं उड्डाण, विमानात तिघं जण. दहाच्या सुमाराला संपर्क तुटला आणि विमान गोव्याच्या नैऋत्येला समुद्रात कोसळलं. एकच जण वाचला, आणि त्याला पाण्यातून वर घेतलं ते आपल्या मच्छीमारांनी. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत गेले.

अशी बातमी आली की लोक पटकन म्हणतात, अहो ट्रेनिंगच होतं ना, युद्ध थोडंच होतं. मला याचा खरंच त्रास होतो. टेहळणी विमानाचं काम म्हणजे काय, तर समुद्रावर खाली येऊन बोटी बघायच्या, अंधारातसुद्धा, आणि हे रात्री उडल्याशिवाय शिकताच येत नाही. अमावस्येच्या आसपास किनाऱ्यापासून लांब गेलात की क्षितिजच दिसत नाही, खाली होड्यांचे दिवे, वर चांदण्या, कुठलं काय ते कळेनासं होतं, कान सांगतो विमान सरळ आहे आणि प्रत्यक्षात ते कललेलं असतं. अशा वेळी स्वतःच्या शरीराला खोटं ठरवून समोरच्या मीटरवर विश्वास ठेवायचा, आणि विमान आधीच खाली असेल तर चूक सुधारायला हातात काही सेकंदच असतात. म्हणजे सरावातला समुद्र काही वेगळा नसतो हो.

किरण ऑब्झर्व्हर होत्या. ऑब्झर्व्हर म्हणजे खिडकीतून बघत बसणारा माणूस नव्हे. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला की तो ट्रॉलर आहे का मालवाहू जहाज, कुठे चाललंय, विचारल्यावर उत्तर देतंय का, हे सगळं त्याने ठरवायचं आणि पायलटला सांगायचं, आता इकडे वळव. 26/11 नंतर आपल्या किनाऱ्यासाठी हे काम किती मोलाचं आहे ते मुंबईकरांना मी काय सांगणार! अपघाताच्या दोनच महिने आधी, प्रजासत्ताक दिनाला राजपथावर नौदलाच्या महिलांची तुकडी चालली, त्यात किरण होत्या. 26 मार्चला त्यांचा मृतदेह विमानाच्या सांगाड्यात सापडला, हा सांगाडा सर्व्हे जहाज आयएनएस मकरने सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, लावून शोधून काढला होता. नौदलात ड्यूटीवर प्राण गेलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी.

तेव्हा बायकांना या विमानात ऑब्झर्व्हर होता यायचं, पायलट नाही. 2019 च्या डिसेंबरात शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला पायलट झाल्या आणि 2020 मध्ये त्यांच्यासह तिघी सागरी टेहळणीसाठी तयार झाल्या, त्याही डॉर्निअरवरच. इथे बसलेल्या मुलींपैकी कुणाला यात जायचं असेल तर जरूर जा, घरचे घाबरतील, त्यांच्याशी बसून नीट बोला, धोका आहे हे लपवू नका. आणि आपले मच्छीमार रात्री तिथेच असतात, तेव्हा पाण्यात पडलेल्या माणसाला बोटीवर कसं घ्यायचं, वायरलेसवर कुणाला कळवायचं, याचं शिक्षण किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात पोचलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.